सीमावेळ

मिरजेच्या मापनकेंद्रात शर्यती होत नसत. शंभर मीटरच्या निवडीला आलेल्या मुलींना फक्त वीस पावलं धावायला लावत. जमिनीखालच्या पट्ट्या प्रत्येक पावलाचा दाब मोजत, यंत्र हाडांची लांबी आणि स्नायूंची घडण वाचे आणि पडद्यावर एक आकडा उमटे. त्याला सीमावेळ म्हणत. कितीही घाम गाळला तरी त्याहून कमी वेळात ते शरीर शंभर मीटर धावू शकणार नाही, असा त्याचा अर्थ. निवड त्या आकड्यावरच होई.

अक्षता पाटोळे आपल्या दोन शिष्यांना घेऊन तिथे आली होती. तिचं वय एक्कावन्न. मुली आत गेल्यावर केंद्राचे शास्त्रज्ञ डॉ. झुबेर तांबोळी तिच्याशी बोलत बसले.

"डॉक्टर, मग मेहनतीला काही अर्थ आहे की नाही?" तिनं विचारलं.

"आहे ना. सीमेपर्यंत मेहनतच नेते. पुढे मात्र नाही." डॉक्टरांनी टेबलावर बोट टेकवलं आणि लगेच उचललं. "पाऊल जमिनीवर टेकतं ते एवढंच, सेकंदाचा दहावा भाग. तेवढ्यात अंगाच्या वजनाच्या चौपट रेटा द्यायचा. स्नायूला पुरता जोर काढायला याहून जास्त वेळ लागतो. ताकद अंगात असते बाई, पण ती द्यायला सवड नसते. त्या सवडीत किती देता येईल, ते तुमची हाडं आणि कंडरा ठरवतात. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी."

अक्षता म्हणाली, "जुन्या चित्रफितींवरून काढता येईल? माझा आकडा?"

राष्ट्रीय संघाच्या निवडीची शर्यत ती बाविसाव्या वर्षी धावली होती. हवे होते ११.३० सेकंद, लागले ११.३९. त्याच वर्षी आईला अर्धांगवायूचा झटका आला होता, वहिनीचे दिवस भरत आले होते आणि विक्रांतदादानं अक्षताला सराव सोडून तासगावला बोलावून घेतलं होतं. अकरा आठवडे ती आईपाशी होती. निवड हुकली त्या संध्याकाळी ती दादाला म्हणाली, "तुझ्यामुळे गेलं माझं." त्यानंतर त्या घरात तिनं पाऊल टाकलं नाही. गेल्या वर्षी दादा गेला, तेव्हाही नाही.

डॉक्टरांनी तिच्या पायांची मापं घेतली, त्या वर्षीच्या सरावाच्या आणि शर्यतीच्या चित्रफिती यंत्राला दिल्या. दुपारी ते हसतच बाहेर आले.

"अभिनंदन करायला हवं तुमचं. सीमावेळ ११.३८. धावलात ११.३९. शंभरात एखादीच इतकी जवळ पोचते."

"माझा अकरा आठवडे सराव बुडाला होता, डॉक्टर."

"त्या खंडाआधीच्या फितीत तुमचा डावा घोटा दुखावलेला दिसतो. ती विश्रांती मिळाली नसती, तर एवढंही निघालं नसतं."

अक्षतानं मुलींचे आकडे लिहून घेतले, त्यांना गाडीत बसवून दिलं आणि तासगावची बस धरली.

स्नेहलवहिनीनं दार उघडलं. तिचे केस पार पांढरे झाले होते. काही न विचारता तिनं पाणी दिलं. अक्षतानं सगळं सांगितलं: रेटा, कंडरा, तो आकडा. वहिनीला सगळंच समजलं असं नाही.

"म्हणजे ह्यांची चूक नव्हती?"

"नव्हती."

"तू घरी आलीस म्हणून काही बिघडलं नाही?"

"नाही, वहिनी. उलट तेवढ्या विश्रांतीनं माझा घोटा सावरला."

वहिनीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "शेवटी शेवटी ह्यांना माणसं ओळखू येत नव्हती. मला आई म्हणायचे. पण रोज सकाळी उठून बसायचे आणि म्हणायचे, अक्षीला पाठवा परत, तिची शर्यत आहे. आईचं मी बघतो. मग मी सांगायची, पाठवली हो. तेव्हा कुठे आडवे व्हायचे."

११.३८ हा आकडा त्या शर्यतीच्या दिवशीही अक्षताच्या पायांत होताच. वाचणारं कोणी नव्हतं, एवढंच.