कम्युनियनचं गाणं

सुनंदाला जाऊन सात महिने झाले होते, तेव्हा मी एग्मोरजवळच्या एका चर्चमध्ये ऑर्गन वाजवायला लागलो. तिथले नेहमीचे वादक शहराबाहेर कारच्या कारखान्यात लागले आणि जाताना त्यांनीच माझं नाव सुचवलं. आम्ही तंजावरकडचे मराठी, घरात राघवेंद्रस्वामींची तसबीर. पण शाळेत पाद्र्यांनी मला ऑर्गन शिकवला होता. बायको गेल्यापासून मला काही वाटेनासं झालं होतं. भूक लागायची नाही, रडू यायचं नाही. बोटं तेवढी चालायची.

२००६ च्या ऑक्टोबरात फादर ज्ञानप्रकाशम यांनी मला आणि गायकवृंद सांभाळणाऱ्या आरोग्यमेरी टीचरना बोलावून घेतलं. दोन नोव्हेंबरला मृतांच्या स्मरणाची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, होती. तिच्यासाठी गाणी निवडायची होती.

"गोड आहे म्हणून घेऊ नका," फादर म्हणाले. "शब्द प्रार्थनेचे हवेत आणि लोकांना म्हणता यायला हवेत. लोक गप्प बसून ऐकायला लागले की ती मैफल होते."

कम्युनियनच्या, म्हणजे लोक पवित्र भाकर घ्यायला पुढे जातात तेव्हाच्या, गाण्यावर अडलं. फादरना नवं, गिटारवरचं हवं होतं. टीचर एक जुनं तमिळ गाणं सोडायला तयार नव्हत्या; त्यांच्या आईच्या मयताला ते म्हटलं होतं. मी म्हटलं, दोन्ही रेकॉर्ड करू, ऐकून ठरवू.

शनिवारी दुपारी तीनला चर्च रिकामं होतं. बाकं नुकतीच पुसलेली, ओल्या फडक्याचा वास येत होता. फादर दाराशी उभे होते. मी वाजवलं, टीचर एकट्या गायल्या. रेकॉर्डर मधल्या बाकावर ठेवला होता.

नवं गाणं स्वच्छ आलं. जुन्या गाण्यात दुसऱ्या ओळीपासून टीचरच्या मागे लोक होते.

"घुमलंय," मी म्हटलं.

फादरनी पुन्हा लावायला सांगितलं. एक बाक करकरलं. कुणीतरी खोकलं. ध्रुवपदाला पुरुष खालच्या सुरात वेगळे निघत होते, आणि ओळ संपली की सगळे मिळून श्वास घेत होते.

टीचरनी पदर डोक्यावर घेतला. "हे त्यांना येतं, फादर. गेलेल्यांना."

फादरनी खिशातलं पेन काढलं. मग त्यांनी यादीत जुनं गाणं लिहिलं.

माझी मुलगी श्रीरंजनी शोळिंगनल्लूरला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. रविवारी ती जेवत असताना, काही न सांगता, मी ते गाणं लावलं. तिचा हात ताटातच थांबला.

"अप्पा, ही अम्मा आहे."

"अम्मा कधी चर्चमध्ये गेली नाही."

"ठाऊक आहे. पण ही अम्मा आहे. तिचा 'ळ' ऐका ना."

मी परत ऐकलं. होती. घरी देवापुढे म्हणताना ती नेहमी अर्धा सूर खाली जायची. इथे ती अगदी पट्टीत होती. एवढं लक्षात आलं. वाटलं काहीच नाही.

दोन तारखेला संध्याकाळी सहाशे माणसं होती. कम्युनियनचं गाणं सुरू झालं आणि सगळं चर्च गाऊ लागलं. म्हातारे गात होते, पोरं कडेवर घेतलेल्या बाया गात होत्या. ऑर्गनचं लाकूड माझ्या गुडघ्याला थरथरताना जाणवत होतं.

"नीट निवडलंत, सार," जाताना फादर म्हणाले.

ते गाणंही मी रेकॉर्ड केलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी लावलं.

ऑर्गन होता. टीचर नव्हत्या. सहाशे जिवंत माणसांपैकी एकाचाही आवाज नव्हता.

श्रीरंजनीनंही ऐकलं. "मशीन बिघडलंय, अप्पा."

"मग तू काहीतरी म्हण."

तिनं दोन ओळी म्हटल्या. मी "पुरे" म्हणालो, बटण बंद केलं आणि परत लावलं.

रेकॉर्डिंगमध्ये खाली रस्त्यावरून ऑटो गेली. शेजारी कुकरची शिट्टी झाली. मग दोन ओळींएवढं काहीच नाही.

मग अगदी जवळून, स्वच्छ, माझा आवाज आला.

"पुरे."