मधला छेद

१९६९ साली अंधेरीच्या एका धर्मादाय रुग्णालयात मी विकृतिशास्त्रज्ञ होतो. शल्यचिकित्सकांनी काढलेले तुकडे पहिल्या मजल्यावरच्या माझ्या खोलीत येत. तंत्रज्ञ सहदेव ते मेणाच्या ठोकळ्यात बसवी आणि मायक्रोटोम या कापणीयंत्रावर त्यांचे पाच मायक्रॉन जाडीचे छेद काढी. प्रत्येक रुग्णाचा एक चांगला छेद रंगवून काचपट्टीवर माझ्या टेबलावर ठेवणे, ही तिथली रीत होती. सहदेव मालवणकडचा. अकरा वर्षांची नोकरी. नोकरीबरोबर मिळालेल्या रुग्णालयामागच्या खोलीत तो आणि त्याची बायको जानकी राहत.

एप्रिलमध्ये दंतशल्यचिकित्सक डॉ. विद्याधर यांनी खारदांड्याच्या सोनूबाई या मासळी विकणाऱ्या बाईंच्या जिभेखालची गाठ काढली. मऊ, वेदनारहित, द्राक्षाएवढी. काचपट्टी पाहून मी थांबलो. गाठीच्या आतले अस्तर तोंडाचे नव्हते. उंच पेशी, खोल ग्रंथी आणि त्यांच्या तळाशी आम्ल तयार करणाऱ्या गुलाबी पेशी होत्या. ते जठराचे अस्तर होते.

हे अशक्य नाही. गर्भावस्थेत जठराच्या काही पेशी चुकून वरच राहतात. जगभरच्या नियतकालिकांत अशी मोजकी उदाहरणे आहेत. टाके काढायला आलेल्या सोनूबाईंना मी विचारले, गाठ कधी फुगत असे?

“जेवताना,” त्या म्हणाल्या. “मी जेवून उठायचे, तरी ती भुकेलीच.”

अन्नाच्या वासाने स्राव वाढतो. मी तशी नोंद केली.

जूनमध्ये गोरेगावच्या स्टुडिओत सुतारकाम करणाऱ्या धोंडू नावाच्या गृहस्थाच्या गाठीत तेच अस्तर निघाले. ऑगस्टमध्ये मुलुंडच्या विमला नावाच्या शिक्षिकेच्या गाठीतही.

“परत जठर?” विद्याधर म्हणाला. “जयवंता, माझे पेशंट जिभेनेच पचवतात की काय? का तुझा सहदेव कुणाचं पोट माझ्या बाटल्यांत ढकलतोय? बघ ना जरा, यार. उद्या कॅन्सर सुटला तर वाट माझी लागेल.”

शंका रास्त होती. असे एक उदाहरण दुर्मीळ असते. पाच महिन्यांत तीन म्हणजे कुठेतरी लबाडी असते.

सूक्ष्मदर्शकाला प्रतिमा कागदावर पाडणारी आरशाची जोडणी लावून मी तिन्ही छेदांच्या बाह्यरेषा पारदर्शक कागदावर काढल्या आणि कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरले. रेषा एकमेकींच्या आत बसल्या. डाव्या कोपऱ्यातली घडी तिन्हींत होती. घडीजवळ एक रक्तवाहिनी होती. ती पहिल्या छेदात गोल, दुसऱ्यात लांबट आणि तिसऱ्यात कमरेशी आवळलेली दिसत होती. एकच वाहिनी दोन फाट्यांत विभागू लागली की लागोपाठच्या छेदांत ती नेमकी अशी दिसते.

तीन माणसांच्या नावाचे छेद एकाच गाठीचे होते.

मी ठोकळे मागवले. तिन्हींत नुसते मेण उरले होते.

“तुकडे कुठे गेले?”

“कापताना संपले, सायेब. एक छेद ईलो, दुसऱ्याक मेणच.”

“द्राक्षाएवढ्या गाठीचा एकच छेद निघाला?”

“माकाय नवलच वाटला. पण सांगूचा कोणाक?”

“मला सांगायचं होतंस.”

“तुमी खोटा म्हटला असता,” तो शांतपणे म्हणाला.

मी त्याला सक्तीच्या रजेवर पाठवले आणि मायक्रोटोमच्या खोलीची किल्ली काढून घेतली. विश्वस्तांनी सप्टेंबरअखेरपर्यंत लेखी अहवाल मागितला. काचपट्ट्या बदलल्याचा आरोप सिद्ध झाला तर नोकरी आणि खोली दोन्ही जाणार होत्या.

सप्टेंबरमध्ये पवईच्या संस्थेत यंत्रे दुरुस्त करणारे चंद्रप्रकाश आले. जिभेखाली तशीच गाठ. शस्त्रक्रियेच्या वेळी मी शेजारी उभा राहिलो. गाठ माझ्या हातांनी बाटलीत घातली आणि बाटली माझ्या कपाटात कुलूपबंद ठेवली. मेणात मीच बसवली. नवे पाते लावून मीच कापली.

पहिला छेद सुरेख आला.

दुसऱ्यात नुसते मेण होते.

मी आणखी चाळीस वेळा चाक फिरवले. मेणाची पांढरी फीत टेबलावरून खाली लोंबत राहिली.

तो एकमेव छेद रंगवून मी त्याची बाह्यरेषा काढली आणि कागद खिडकीवर धरला. डाव्या कोपऱ्यात घडी होती. वाहिनीचे दोन फाटे स्पष्ट वेगळे झालेले होते आणि त्यांच्यामध्ये बरेच अंतर होते. मालिका पुढे सरकली होती, पण सलग नव्हती. तिसऱ्या आणि या छेदाच्या मधला एक छेद गहाळ होता. ज्यात वाहिनी नुकतीच विभागली असेल, तो.

सहदेव निर्दोष होता, हे मला त्या दिवशी कळले. पण चार माणसांच्या तोंडांत एकच गाठ होती, या वाक्याखाली सही करणे मला शक्य नव्हते. दुसरे एक वाक्य शक्य होते. मी लिहिले की तिन्ही काचपट्ट्या एकाच ऊतकातून बनवल्या आहेत आणि त्या ऊतकाचा मधला एक छेद तंत्रज्ञाजवळ आहे. चंद्रप्रकाश यांचा उल्लेख मी केला नाही.

अहवाल गेला. सहदेवची नोकरी गेली. खोली रिकामी करायला पंधरा दिवसांची मुदत मिळाली.

मुदतीच्या बाराव्या दिवशी सहदेव माझ्या दारात उभा होता. बोलणे जड येत होते, तोंडात घास असल्यासारखे.

“कधीपासून?” मी विचारले.

“रजेर धाडलात त्या दिसापासून. जेवताना फुगता.”

“जीभ वर कर.”

त्याने केली. मी पाहिले आणि विद्याधरला बोलावून घेतले. त्याने गाठ काढली आणि बाटली माझ्या हातात दिली.

गाठ मीच कापली. एक छेद. मग मेण.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी, दुपारी चारच्या उन्हात, मी पाच कागद काचेवर धरले. नवा कागद तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये सरकवला. वाहिनी नुकतीच विभागली होती. दोन्ही फाट्यांच्या भिंती अजून एकमेकींना टेकलेल्या होत्या. रेषांमध्ये आता कुठेही जादा जागा नव्हती.

सहदेव मागे बाकावर बसला होता. जिभेखाली टाके असल्याने त्याला बोलायची मनाई होती. जानकी सामानाच्या गाठोड्यांपाशी बाहेर थांबली होती. त्याने खिशातून चिठ्ठी काढून माझ्या टेबलावर ठेवली. वळणदार, काळजीपूर्वक काढलेली अक्षरे होती.

‘साहेब, खोली राहील. तो मधला छेद माझ्यापाशी नव्हता, एवढेच विश्वस्तांना लिहून द्या.’

मी लेखणीचे टोपण काढले. कोरा कागद समोर घेतला, तारीख घातली, विश्वस्तांना उद्देशून मायना लिहिला.

त्यापुढचे वाक्य खरे नव्हते; ते मला लिहिता आले नाही.