पाण्याचा निरोप

सकाळीच दवाखान्यातून फोन आला. "तुमच्या आई पुन्हा म्हणताहेत, मी बोलावलं आणि कुणी आलं नाही. आमच्याकडे तर निरोपच नाही. डॉक्टर म्हणतात, एकदा स्मरणशक्ती तपासून घेऊ."

फौजदारबाईंचं डोकं फिरलं. ऑफिसात त्यांना हे नाव पडलं होतं, कारण अ‍ॅपमधल्या चुका हुडकणं हेच त्यांचं काम. आणि नर्सला बोलावण्याचं हे अ‍ॅप त्यांच्याच ऑफिसनं केलेलं. आठवडाभर त्या ही एक चूक शोधत होत्या आणि ती मेली काही हाताला लागत नव्हती.

त्यांनी प्रोग्रामरचं टेबल गाठलं. तपासणीचे फोन स्टँडवर ओळीनं उभे होते.

"आईचा निरोप जातो कुठे?"

"ताई, जातोय की. बघा." त्यानं 'पाणी हवं' दाबलं. 'रद्द करायचं का?' असं विचारणारं पान आलं, आकडे उलटे मोजले गेले, निरोप गेला आणि पुन्हा पहिलं पान. "शंभरदा केलंय. काकूंचं वय झालंय, दुसरं काय."

"आकडे संपायच्या आतच पहिलं पान आलं तर?"

"तर निरोप जाणार नाही. पण येईल कशाला?"

"मध्यंतरी काही बदललंस?"

"साहेबांना दाखवायच्या आधी थोडं आवरलं. स्क्रीन नव्यानं मांडली गेली की पहिलंच पान दिसावं. कसं स्वच्छ वाटतं."

"चल माझ्याबरोबर."

दवाखान्यात आई पलंगावर उशांना टेकून बसली होती.

"आई, नर्सला कशी बोलावतेस ते दाखव."

"काय दाखवू? सगळे म्हणतात मला भ्रम झालाय. आता मलाही तसंच वाटायला लागलंय."

फौजदारबाईंना भडभडून आलं. "तरी दाखव."

आईनं 'पाणी हवं' दाबलं आणि फोन हातात तसाच धरून ती दाराकडे कुशीवर वळली.

"अशी का वळलीस गं?"

"नर्स दारातूनच येणार ना? मग तोंड तिकडे नको?"

नर्स आली नाही. फोनवर पहिलं पान होतं.

"सापडला चोर," फौजदारबाई प्रोग्रामरकडे वळल्या. "फोन आडवा झाला की स्क्रीन नव्यानं मांडली जाते. तेव्हा पहिलंच पान दाखवायचं, हा तुझा हुकूम. आकडे मोजणारं पान निरोपासकट गायब. निरोप गेला तरी शेवटी हेच पान येतं, म्हणून आईला वाटायचं, पोचला. तुझे फोन कायम स्टँडवर उभे. ते कुशीवर वळतील कशाला?"

प्रोग्रामरचा चेहरा खर्रकन उतरला. "चुकलं, काकू. आजच्या आज दुरुस्त करतो."

"ते कर. पण आधी डॉक्टरांना सांगून ये, मी दाबलं होतं म्हणून," आई म्हणाली. "आणि जाताना मला पाणी दे. केव्हाचं मागतेय."