उभं कपाट, आडवी पेटी

ही गोष्ट रात्रीची नाही.

आधीच सांगून ठेवते. भुताची गोष्ट म्हटलं की लोक दिवा बारीक करून बसतात. ही भर दुपारची आहे आणि अक्षरन् अक्षर खरी आहे. साल पासष्ट. पाऊस उघडून भाद्रपदाचं ऊन तापायला लागलं होतं. जागा साताऱ्याची, पोवई नाक्याच्या खालच्या अंगाला एक भाड्याची खोली. जिच्यावर हे गुदरलं ती हरणाबाई, माझी सख्खी आत्या. आयुष्यात ती एकदाच खोटं वागली. ते कसं, ते पुढं येईलच.

विश्वास ठेवा असं मी म्हणणार नाही. जिच्यापायी हे घडलं ती पेटी माझ्या घरात आहे, एवढंच सांगते.

हरणाचा नवरा कृष्णात पलटणीत होता. त्या खेपेला रजेवर आला तो एसटीच्या टपावर एक भली थोरली पेटी घालूनच. कुणा साहेबाची होती. साहेबाच्या बायकोनं छावणी सोडून जाताना त्याला फुकट दिली होती.

"फुकट कोन देतं रं?" त्याची आई धोंडुबाई म्हणाली. "मोडलीया का?"

"न्हाई गं आये. बग तर."

त्यानं पेटी उभी केली. चामड्याचे पट्टे सोडले. पुस्तक उघडावं तशी ती मधोमध उघडली. एका अंगाला दांडी आणि लाकडी हँगर, दुसऱ्या अंगाला खणावर खण. वरच्या खणाची फळी पुढं ओढली की टेबल, आणि टेबलावर आरसा! प्रवासाची पेटी बघता बघता साहेबाच्या निजायच्या खोलीतलं कपाट झाली. त्या घरात तोवर कपडे वलणीवर असत आणि आरसा शेजारणीकडं.

बायका बघायला लोटल्या. शेजारची मनुबाई तोंडाची फटकळ. पेटीला प्रदक्षिणाच घातली तिनं.

"हरणे, ही तर तुझ्या नवऱ्यागत हाय. घरात असला की ऐसपैस पसरतो, निघाला की मिटला!"

सगळ्या हसल्या. हरणाही पदर तोंडाला लावून हसली.

"साहेबीण काय म्हनाली देताना?" तिनं नंतर नवऱ्याला विचारलं.

"म्हनाली, जायच्या दिवशीच आडवी कर, त्याच्या आदी नको."

"आन?"

"आन काय न्हाई. पेटीकडं बगतच नव्हती बाई."

हरणानं त्याचे कपडे हँगरवर लावले. स्वतःचं ठेवणीतलं लुगडं खणात ठेवलं. रोज येता-जाता आरशात बघायची. सुख म्हणजे काय, तर रजेवरच्या नवऱ्याचा सदरा हँगरवर लोंबताना दिसणं.

मग एक दिवस ती नळावरून पाणी घेऊन आली...

पेटी आडवी होती.

मिटलेली. पट्टे आवळलेले.

तिला वाटलं, कृष्णातनंच आवरली. तो बाजारातून आल्यावर ती फणकारली, "एवडी घाई झालीया व्हय जायाची?"

"मी कशाला आवरू? अजून रजा हाय की."

दोघांनी उघडली. आत फक्त त्याचे कपडे होते. हरणाचं लुगडं बाहेर, वाकळेवर काढून ठेवलेलं. सदऱ्यांच्या घड्या वितीच्या मापाच्या, सगळ्यांच्या कडा एका रेषेत. मोज्यांचे गोळे.

पलटणीत घालतात तशी घडी.

"तूच केलीस, आन माजी चेष्टा करतीस," हरणा म्हणाली. तो हसला. पण घडीवरून बोट फिरवत राहिला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

तिसऱ्या दुपारी हरणा घराबाहेर पडलीच नाही. दाराला आतून कडी घातली आणि पेटीसमोर बसून राहिली. कृष्णात वाकळेवर घोरत होता. धोंडुबाई उंबऱ्याशी बसून तांदूळ निवडत होती. चुलीवर दूध वर आलं म्हणून हरणा उठली. पाठ फिरली तेवढीच...

खट्.

बकलाचा आवाज.

खट्... खट्...

ती वळली. पेटी आडवी. कृष्णात तसाच घोरत होता. सासूच्या मांडीवरचं सूप मात्र खाली सांडलं होतं. ती पेटीकडं बघत होती.

"तुमी बगितलं, आई?"

धोंडुबाईनं मान हलवली. पण ती 'हो'ची की 'नाही'ची, ते हरणाला शेवटपर्यंत कळलं नाही.

कृष्णातला उठवलं. त्यानं पेटी उघडली, वरचा सदरा हातात घेतला.

"अशी घडी मलाबी जमत न्हाई," तो हळूच म्हणाला.

मनुबाईला कळायला कितीसा वेळ! "पाटनला माझ्या म्हायेरात देवरुशी हाय. एक कोंबडं आन नारळ, झालं मोकळं."

हरणानं आशेनं सासूकडं बघितलं. भिंतीत कोनाडा होता. पूर्वी त्यात देव होते. छप्पन साली धोंडुबाईनं ते स्वतःच्या हातानं टोपलीत भरून माहुलीच्या संगमात सोडले होते. आता कोनाड्यात बाबासाहेबांचा फोटो होता आणि त्यापुढं रोज ताजं फूल.

धोंडुबाई उठली, कोनाड्यातलं फूल सारखं केलं.

"देव सोडलं आमी, मनुबाई," ती म्हणाली. "आता भुतं कशी धरू? जी धरायची सोय व्हती तीच पान्यात सोडलीया."

"अगं पर पोराचा जीव..."

"माज्याच पोटचा हाय त्यो."

त्या घरात साकडं घालायला कुणी उरलं नव्हतं. असलंच तर ते घालायचं नाही, अशी दीक्षेच्या वेळी घेतलेली शपथ होती. हरणा म्हणायची, त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, शपथ पाळणाऱ्या माणसाला भीती कमी वाटत नाही. एवढंच की तिला घेऊन जायचं कुठं, ते ठाऊक नसतं.

दुसऱ्या दिवशी तार आली. रजा रद्द. सरहद्दीवर लढाई पेटली होती.

कृष्णात किटबॅग खांद्याला मारून निघाला. पेटी नेली नाही. हरणाची तेवढीच समजूत. पेटीतून न गेलेला माणूस पेटीनं कसा न्यावा?

आमच्या लष्करी घरांत एक रीत आहे. देव गेले तरी ती गेली नाही, कारण ती देवाची नाहीच, बायकांची आहे. माणूस निघाला की त्यानं अंगावरून उतरवलेला शेवटचा कपडा धुवायचा नाही. तो सुखरूप पोचल्याचं कार्ड आलं की मग धुवायचा. तोवर मळका तर मळका. कपडा धुतला म्हणजे माणूस पोचला.

कृष्णातनं सकाळी उतरवलेला निळ्या रेघांचा सदरा हरणानं पेटीत टांगला. पेटी उभी, कपाट उघडं, दांडीवर तो एकच सदरा.

दुपारी तिनं सहज हात लावला...

काखेत ओला होता.

घाम. ताजा.

घाबरायचं सोडून ती रडत हसली. सदऱ्यात तोंड खुपसलं. त्याचाच वास! सासूला ओढून आणलं. "आई, वास घ्या! चांगला हाय त्यो, चालतोय कुटंतरी!"

धोंडुबाईनं वास घेतला, पण हसली नाही. म्हणाली, "धू नको म्हंजे झालं."

रोज दुपारी सदरा ओला. मग त्याला घामाबरोबर धुरळ्याचा वास यायला लागला. मग रॉकेलसारखा. मग कसला तरी जळका.

आणि एके दुपारी...

पेटी आडवी.

हरणानं पट्टे ओढले, सुटेनात. सासूनं ओढले. मनुबाई विळी घेऊन आली, चामडं कापेना. तिघी बायका पेटीवर पालथ्या पडून ओढत होत्या. आतून हँगर लाकडावर हलल्याचा आवाज येत होता. टक्... टक्... कुणी सावकाश आवरत असावं तसा.

"आवो, नका आवरू!" हरणा पेटीवर थापा मारत ओरडली. "अजून न्हाई! ऐका माजं, अजून न्हाई!"

आवाज थांबला.

पट्टे आपोआप सैल पडले.

आत सदरा होता. वितीच्या मापाची घडी. धुतलेला, कडक इस्त्रीचा. त्या घरात कधी न आलेल्या साबणाचा वास. डाग नाही, घाम नाही... त्याचा वासही नाही.

धोंडुबाईनं सदऱ्याच्या घडीवर हात ठेवला.

"पोचला गं," ती म्हणाली.

कुठं, ते तिनं सांगितलं नाही. हरणानं विचारलं नाही. कार्ड काही आलं नव्हतं.

आणि इथं माझी आत्या खोटं वागली.

तिनं तो धुतलेला सदरा उचलला, चोळीवरून स्वतःच्या अंगात घातला, बाह्या दुमडल्या आणि जात्यावर बसली. ऐन उन्हाच्या पारी, दार लावून, दळण नसताना नुसतं जातं ओढत राहिली. सदरा घामानं पाठीला चिकटेपर्यंत. मग उतरवला आणि पेटी उभी करून पुन्हा दांडीला टांगला.

"सूनबाई, हे काय करतीस?"

"त्यो अजून पोचला न्हाई, आई. बगा की, सदरा मळकाच हाय."

काही दिवसांनी पलटणीची तार आली. मेला असं त्यात नव्हतं. बेपत्ता, असं होतं.

लोक हळहळले. हरणा मात्र सासूच्या गळ्यात पडून म्हणाली, "बगा! म्या म्हनलं नव्हतं?" बांगड्या हातात राहिल्या. कुंकू राहिलं. आपण माणूस उंबऱ्यावरून ओढून धरला, असं तिला वाटलं.

सासू त्याच थंडीत गेली. जाताना एवढंच म्हणाली, "धू गं त्यो सदरा."

हरणानं धुतला नाही.

मग माझे वडील, नानासो, तिला आटपाडीला घेऊन आले. पेटीही आली. आमच्या मधल्या खोलीत उभी राहिली. सदरा आत. रोज दुपारी ओला.

पण आता तो झिजायला लागला.

नुसता टांगलेला सदरा कधी झिजतो का? ह्याची कॉलर विरली. कोपरं फाटली. खांद्यावर पट्टा घासल्याचा वळ उठला. खालच्या काठाला कुसळं अडकलेली असायची. आटपाडीचा माळ म्हणजे कुसळांचं आगर, पण ही कुसळं कुणाच्या ओळखीची नव्हती. मातीही आपली नव्हती. आणि घामाचा वास थकलेल्या माणसाचा. खूप थकलेल्या.

एकदा तिनं वडिलांना पेटीपुढं उभं केलं.

"नाना, त्यो चालतोय रं. थांबतच न्हाई. त्यो पोचला व्हता, म्या त्याला परत वाटंला लावला."

"येडी का खुळी तू? कापड हाय ते. जुनं झालं की फाटतं."

"मग तूच सांग, वलं कशानं व्हतं?"

वडील पेटीकडं न बघता बाहेर गेले. संध्याकाळपर्यंत आले नाहीत.

त्या दिवशी हरणानं सदरा धुतला. आमच्याकडं तेव्हा पाणी कोसावरून डोक्यावर यायचं. तिनं घागरभर पाणी त्या एका सदऱ्याला घातलं. उन्हात वाळवला. हातानं घडी घातली, पलटणीची जमेना, तरी घातली. पेटी आडवी केली, पट्टे आवळले.

"पोचा आता," ती पेटीला म्हणाली. "म्या न्हाई अडवत. जावा."

दुसऱ्या दुपारी...

पेटी उभी होती. सदरा दांडीला. ओलाचिंब.

तिनं परत धुतला. परत. धुऊन धुऊन तिचे हात फुटले. आई चिडायची, "प्यायला पानी न्हाई आन वन्संचं हे!" तर ती म्हणायची, "वैनी, त्यालाबी तहान असंलच की." मग आई घागर तिच्याकडं सरकवून द्यायची आणि डोळे पुसायची.

एकोणसत्तरच्या उन्हाळ्यात आत्या तापानं गेली. दुपारीच. आम्ही सगळे तिच्या उशाशी होतो. मधल्या खोलीत कुणी नव्हतं.

खट्...

खट्...

आम्ही सगळ्यांनी ऐकलं. वडिलांनीही.

आत गेलो तर पेटी आडवी. आत आत्याचं ठेवणीतलं लुगडं. धुतलेलं, वितीच्या मापाची घडी, कडा एका रेषेत. कुणी मायेनं घालावी तशी.

आईनं लुगड्यावर हात ठेवला. म्हणाली, "पोचल्या."

मग आम्ही सदरा शोधायला लागलो.

पेटीत नव्हता. तो बाहेर भिंतीच्या खुंटीला होता.

ओला.

आत्या पोचली होती. ज्याला तिनं वाटंला लावलं तो अजून वाटंवरच होता. त्याला परत बोलवणारी गेली आणि जा म्हणणारीही गेली. दोन्ही तीच होती.

आता ती पेटी माझ्याकडं आहे. उभी असते. माझ्या सुना तिला 'जुन्या काळचं छान कपाट' म्हणतात, पण कपडे कुणी ठेवत नाही. मी कधी सांगितलं नाही, तरी ठेवत नाहीत. सदऱ्याच्या आता चिंध्याच उरल्यात. दोन बाह्या, एक कॉलर, मध्ये थोडे धागे. धुवायला घेतला तर हातात विरेल. म्हणून धूत नाही. टाकून द्यावा म्हटलं, तर त्याच्या अंगावर दुसरं काय आहे?

देव मीही धरत नाही. तेव्हा कुणाला सांगावं, तेही कळत नाही.

सकाळी पेटीपाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवते. वर फुलपात्र पालथं घालते. एवढंच माझ्या हातात आहे.

दुपारी फुलपात्र उताणं असतं.

तांब्या रिकामा.

आणि चिंध्या ओल्या.