गोधडीची घडी

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या, पण यातलं काहीच मी रचलेलं नाही. त्या पाळण्यातलं बाळ मीच होते.

साल १९६४, पौष महिना. भरवेलीच्या खाणीजवळची मजुरांची चाळ. वेळ रात्रीची नाही... भर दुपारची.

बाबा खाणीत गेलेले. आई, दुर्गाबाई, नव्या खोलीत एकटी. मी दोन महिन्यांची. कडाक्याची थंडी, म्हणून आईनं मला जाड गोधडीत गुंडाळून पाळण्यात निजवलं आणि ती चुलीपाशी बसली.

मागे वळून पाहिलं तर...

गोधडी खाली. नीट घडी केलेली.

आईनं पुन्हा पांघरली. पाठ फिरली, पुन्हा घडी. एक कोपरा ओला होता. हुंगला... दुधाचा वास.

आई शेजारच्या लीलाबाईंकडे धावली. त्यांनी आधी दार लोटून घेतलं.

"तुले कोनं सांगतलं नाही का? पयले तुह्या खोलीत सीता राहे. तिचं लेकरू गोधडीतच गुदमरलं. मंग तेही मेली."

"मंग माह्या पोरीले काहून छळून राह्यली?"

"तिले लेकरू पाहिजे असंन."

दुसऱ्या दिवशी आईनं गोधडी माझ्या डोक्यावरून घेतली आणि सुतळीनं पाळण्याला करकचून बांधली. उशाला विळा ठेवला. मग नळावर गेली.

परतली तेव्हा पाळणा हलत होता.

आवाज नाही... माझाही नाही.

सुतळी सुटलेली. विळा दाराबाहेर. गोधडीची घडी. आणि मी उघडी, उताणी, ओठ निळे पडलेले.

आईनं पाठ चोळली, तेव्हा कुठे मी रडले.

जीव घेत कोण होतं आणि वाचवत कोण होतं, हे आईला तेव्हा कळलं. म्हातारपणीही हे सांगताना ती रडायची. त्यानंतर आमच्या घरात बाळाच्या पाळण्यात ना गोधडी, ना उशी.

आता मी बालाघाटात असते. सून ऐकत नाही. "मम्मी, ठंड है," म्हणते. परवा दुपारी नातीला माझ्याच जुन्या पाळण्यात गोधडी पांघरून ती बाजारात गेली. मी अंगणातून आत आले तर...

घडी.

खरं सांगते, मला भीती वाटली नाही. मी हात जोडले.

मग नातीला उचललं. तिच्या ओठांवर दूध होतं... ताजं.

सून दोन तासांनी परतली. तिनं पोरीला पाजायला छातीशी घेतलं.

पोरीनं तोंड फिरवलं, आणि रिकाम्या पाळण्याकडे बघून हसली.