धरून ठेवलेली जागा

नोरीन हॅस्केलला रांगेत उभं राहणं हा स्वतःचा अपमान वाटायचा. ओहायोतल्या डेटनच्या एका मोठ्या हॉस्पिटलात ती सहा ऑपरेशन थिएटरांचं वेळापत्रक बसवायची. कोणत्या सर्जनला किती वाजता कोणतं टेबल, हे तिच्या डोक्यात पक्कं असे. अशा बाईने सुट्टी काढून फ्लोरिडातल्या मनोरंजन पार्कात यायचं आणि तीन मिनिटांच्या पाळण्यासाठी दीड तास दोरीला टेकून उभं राहायचं? छे! त्यासाठी तिच्या फोनमध्ये ॲप होतं. कोणत्या दिवशी किती गर्दी, कोणत्या राइडला किती वाजता किती मिनिटं, हे सगळं ते आधीच सांगायचं. पुढचं नोरीन बघून घ्यायची. दरवाजा उघडायच्या चाळीस मिनिटं आधी हजर. पहिल्या तासात पार्कच्या पार टोकाच्या राइड्स, कारण बाकीचं जग तिथे दुपारी पोचतं. जेवण पावणेअकराला, कारण बाकीचं जग बाराला जेवतं. तिच्या नवऱ्याने, वेंडेलने, एकदा विचारलं होतं, "आणि मुतायचं कधी, ते पण टाकलंयस का त्यात?"

टाकलं होतं. दहा वीस ते दहा पंचवीस.

वेंडेल गेल्या एप्रिलमध्ये वारला. ह्याच पार्कात, हेरन्स लँडिंगमध्ये. शाळांच्या सुट्ट्यांचा आठवडा, गर्दीचा आकडा दहापैकी दहा. 'जुनी गिरणी' नावाची होडीची राइड होती, अंधाऱ्या पाणचक्कीच्या पोटातून जाणारी, आणि तिला पंच्याण्णव मिनिटांची रांग होती. अशा वेळची नोरीनची युक्ती ठरलेली होती. घरातल्या एकाने रांगेत जागा धरायची, बाकीच्यांनी तेवढ्यात दुसऱ्या दोन राइड्स उरकायच्या आणि शेवटी "जरा जाऊ द्या, आमचा माणूस पुढे आहे" असं म्हणत त्याला जाऊन मिळायचं. जागा धरायला अर्थातच वेंडेल. त्याला कधी कशाची घाई नसे. सदुसष्टाव्या मिनिटाला त्याचा मेसेज आला, 'छातीत जळजळतंय. निघू का?' नोरीनने ॲपमध्ये बघितलं आणि उत्तर पाठवलं, 'अठ्ठावीसच मिनिटं राहिलीत. जागा सोडू नकोस.'

त्याने जागा सोडली नाही. दोरी धरून तिथेच खाली बसला. मागच्या लोकांना वाटलं, उन्हाने दमला असेल.

तो मेसेज नोरीनने कुणालाही दाखवला नाही. स्वतःचा फोनसुद्धा बदलून टाकला. वेंडेलचा फोन त्यांच्या तेरा वर्षांच्या मुलीने, डेलाने, आठवण म्हणून मागून घेतला होता, पण तो काही तिला उघडता येणार नाही, असं नोरीन स्वतःला बजावत असे. रात्र रात्र झोप लागत नसे तेव्हा तर फार बजावत असे.

परत इथे यायचा हट्ट डेलाचाच. "एकदा जाऊ, आई. एकदाच." पोरगी वर्षभरात धड हसली नव्हती, कशाचा हट्ट धरणं तर दूरच. नोरीनला नाही म्हणवेना. तिने ॲपमध्ये शोधून फेब्रुवारीतला एक मंगळवार काढला, गर्दीचा आकडा तीन. दोन तिकिटं घेतली. मिनिटामिनिटाचा आराखडा केला आणि त्यात जुनी गिरणी कुठेही येऊ दिली नाही.

सकाळी सव्वाआठला, गाडी लावून झाल्यावर, तिने फोन उघडला. आराखड्याच्या पहिल्याच ओळीत लिहिलं होतं: जुनी गिरणी, प्रतीक्षा अठ्ठावीस मिनिटं, व्यक्ती तीन.

मागच्या वर्षीचा आराखडा राहिला असेल. तिने ती ओळ काढली, तीनचे दोन केले आणि सेव्ह केलं.

फाटकावरच्या मुलीने दोघींची बोटं यंत्रावर टेकवून घेतली आणि हसून म्हणाली, "झालं. तुमचे तिसरे तर मघाशीच आत गेलेत."

"आम्ही दोघीच आहोत."

"असं?" मुलीने पडद्याकडे पाहिलं आणि तिचं हसू जरा आखडलं. "मग मशीनचं काहीतरी असेल, मॅडम. मजा करा."

वेंडेलचं राखाडी जाकीट डेलाने घातलं होतं, बाह्या दोनदा दुमडून. हवेत गारवा होता. पार्क खरोखरच मोकळा होता. झाडूवाले निवांत गप्पा मारत होते आणि तळ्याकडून ओल्या गवताचा वास येत होता. पहिल्या तीन राइड्स त्यांनी बेचाळीस मिनिटांत उरकल्या. एरवी अशा वेळी नोरीनच्या अंगात वारं शिरायचं. आज प्रत्येक राइडवरून उतरलं की ती फोन बघायची, आणि प्रत्येक वेळी ती ओळ परत आलेली असायची. तीच राइड, तीच अठ्ठावीस मिनिटं, तेच तीन जण. ती पुसत राहिली.

पावणेअकराला त्या जेवणाच्या खिडकीशी पोचल्या. ऑर्डर नोरीनने फोनवरूनच दिली होती. ट्रेमध्ये दोन चिकनचे खोके होते आणि शिवाय तळलेल्या कोळंबीचं एक सँडविच, लोणच्याशिवाय, वेंडेल घ्यायचा तसं.

"हे आमचं नाही," नोरीन म्हणाली.

"नाव तुमचंच आहे की," खिडकीतला माणूस म्हणाला. "राहू द्या. कोण परत घेतंय?"

डेलाने सँडविच स्वतःकडे ओढलं आणि कागद नीट गुंडाळून जाकिटाच्या खिशात ठेवलं.

"काय करतेयस?"

"नंतर लागेल कुणाला तरी." मग ती उठली. "मी बाथरूमला जाऊन येते."

पाच मिनिटं झाली. दहा झाली. बायकांच्या बाथरूममध्ये एक म्हातारी हात वाळवत उभी होती, बाकी कुणी नव्हतं. नोरीनने फोनवर घरच्या माणसांचा नकाशा उघडला. डेलाचा निळा ठिपका तळ्याच्या पलीकडे होता, जुन्या गिरणीवर.

ती धावली. पन्नाशीला आलेली, गुडघ्यांची तक्रार असलेली बाई तळ्याला वळसा घालून पळत गेली आणि गिरणीपाशी पोचेतो तिला धाप लागली. दारावरच्या पाटीवर पाच मिनिटं लिहिलेलं होतं. बाहेरच्या दोऱ्यांच्या वळणांमध्ये चिटपाखरूही नव्हतं.

"एक मुलगी आत गेली का? राखाडी जाकीट?"

दारावरच्या पोऱ्याने जांभई आवरली. "गेली ना. आत कुणी नाहीये मॅडम, सरळ जा, सापडेल."

आत लाकडी भिंतींमधून रस्ता वळत होता. पाण्याचा, शेवाळाचा आणि गंजलेल्या लोखंडाचा वास. पहिल्या वळणावर कुणी नव्हतं. दुसऱ्यावरही नाही. तिसऱ्या वळणावर एक जोडपं उभं होतं, आणि त्यांच्या पुढे माणसंच माणसं.

एवढी रांग आत होती, मग पाटीवर पाच मिनिटं कशी? नोरीनला ॲपवाल्यांचा राग आला. त्या रागाने तिला बरंही वाटलं.

"जरा जाऊ द्या," ती म्हणाली. "माझी मुलगी पुढे आहे."

असं म्हटलं की लोक तोंड वाकडं करतात, हे तिला वर्षानुवर्षं ठाऊक होतं. इथे कुणी केलं नाही. उलट सगळे भिंतीला चिकटून उभे राहिले.

"जा, जा," जोडप्यातली बाई म्हणाली. "सगळ्यांचं असं नशीब कुठलं! तुम्ही आलात तरी."

नोरीन पुढे सरकू लागली. आत उकडत होतं. माणसांच्या अंगावर अर्ध्या चड्ड्या आणि बिनबाह्यांचे बनियन होते, मानांवर ताज्या उन्हाचे लाल चट्टे. बाहेर तर जाकिटाची थंडी होती. एकाच्याही हातात लहान मूल नव्हतं, एकही जण मित्रांशी टिवल्याबावल्या करत नव्हता. पुढे जो तो एकटा होता, आणि प्रत्येकाच्या मागे दोन-तीन माणसं मावतील एवढी जागा मोकळी सोडलेली होती.

"कुणासाठी धरलीय?" एका म्हाताऱ्याने तिला विचारलं.

"काय?"

"जागा. मी मुलांसाठी धरलीय. आइस्क्रीम आणायला गेलेत." त्याने तिच्या खांद्यावरून मागे पाहिलं. "वाटेत दिसले का? दोघे आहेत. लाल टोप्या."

"नाही दिसले."

"येतील," म्हातारा म्हणाला. "तुम्ही वेंडेलच्या ना? तो सांगायचा, माझी बायको येणार, ती अगदी वेळेवर येते म्हणून. भला माणूस. कधी कुरकुर नाही केली."

नोरीनने दोरी धरली. दोरी ओलसर होती, कितीतरी हातांच्या घामाने.

"माझी मुलगी कुठे आहे?"

म्हाताऱ्याने पुढे बोट दाखवलं.

शेवटच्या वळणावर, जिथून काळं पाणी आणि रिकाम्या येणाऱ्या होड्या दिसत होत्या, तिथे डेला उभी होती. अंगावर जाकीट नव्हतं. दोन्ही हातांनी तिने दोरी घट्ट धरली होती.

"डेला! चल. आत्ताच्या आत्ता चल."

"नाही येता येत, आई. बाबांनी दोन मिनिटं जागा धरायला सांगितलीय."

"डेला..."

"त्यांना जाकीट दिलं. सँडविच दिलं. त्यांना भूक लागली होती ना गं." तिचा आवाज अगदी साधा होता. "ते अजून इथेच उभे होते. कुणी त्यांना निघा म्हणून सांगितलंच नव्हतं."

नोरीनला हुंदका फुटला. वर्षभर आवळून धरलेलं सगळं त्या कोंदट जागी, परक्या माणसांसमोर बाहेर आलं. "मी म्हणाले होते त्याला. त्याने विचारलं होतं मला, आणि मीच त्याला..."

"माहीत आहे मला."

"तुला माहीत आहे?"

"त्यांचा पासवर्ड माझा वाढदिवस होता, आई. पहिल्याच आठवड्यात वाचलं मी." डेलाने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, आणि नोरीनला तेच सोसवेना. "तू सांगशील म्हणून वाट बघत होते. मग वाटलं, तू नाही सांगितलंस तरी बाबांना जाऊन सांगू या, की निघा आता."

"मग झालं ना सांगून? चल आता."

"जागा रिकामी सोडली की त्यांना परत आणतात."

"कोण आणतं?"

डेलाने पाण्याकडे पाहिलं. "ते नाही सांगितलं त्यांनी."

एक होडी आली, थांबली, कुणालाही न घेता अंधारात गेली. डेलाचे ओठ सुकले होते. तिच्या मानेवर उन्हाचा लाल चट्टा उमटू लागला होता, ह्या छपराखाली, ह्या अंधारात.

नोरीनने मग विचार केला नाही. आयुष्यात पहिल्यांदा वेळ, मिनिटं, आकडे काही बघितलं नाही. तिने दोरीवर डेलाच्या हातांशेजारी आपले हात ठेवले.

"सोड."

"आई, नको."

"मी धरलीय. सोड, पोरी. ऐक माझं."

डेलाची बोटं एकेक करून सुटली. भिंतीत एक बुटकं दार होतं, ऐनवेळी घाबरलेल्यांना बाहेर पडण्यासाठी. ते ढकलल्याबरोबर आत लख्ख ऊन आलं.

"बाबांना घेऊन येते लगेच," डेला म्हणाली. "सगळेच बसू होडीत."

"सावकाश ये," नोरीन म्हणाली. "काही घाई नाही."

दार बंद झालं. बाहेरून डेलाचं हसू ऐकू आलं. खळखळून, आधीसारखं. पाठोपाठ एक जाडसर आवाज काहीतरी म्हणाला, ते शब्द कळले नाहीत, आणि दोघांची पावलं वाळूवरून लांब गेली.

नोरीन ऐकत राहिली. तिला फार बरं वाटलं. मग भीती वाटली.

होडीपाशी उभ्या असलेल्या माणसाने तिला खूण केली. गणवेश पार्कचाच होता, पण त्याच्या छातीवर नावाची पट्टी नव्हती.

"किती जण?"

"तिघं. दोघं बाहेर आहेत. येतीलच."

त्याला नवल वाटलं नाही. "मग ते येईपर्यंत तिकडे बसा, मॅडम. जागा तुमचीच राहील."

भिंतीलगत एक लांब बाक होता. त्यावर बसलेल्या बायका सरकल्या आणि त्यांनी तिला जागा करून दिली. मग शेजारचीने, काहीतरी खासगी विचारावं तसं, हळूच विचारलं, "बाहेर आता कोणता महिना चाललाय हो?"

सांगण्यासाठी नोरीनने तोंड उघडलं, आणि तिला तो आठवेना.