उणे पंचावन्न

ऐन कापसाच्या हंगामात आमच्या जिनिंग कारखान्याचा वजनकाटा बंद पडला, आणि तोही कशामुळे, तर कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमुळे. सकाळी बटण दाबलं, आत फट्‌कन आवाज झाला, जळका वास आला आणि खेळ खलास. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग पार नेर रस्त्यापर्यंत गेलेली.

"कॉम्प्युटरच नवा घ्या ना," हे मला त्या दिवशी प्रत्येकानं ऐकवलं. चहावाल्यानंसुद्धा. अरे बाबांनो, काट्याच्या प्लॅटफॉर्मवर गाडी चढली की तिचं वजन एक कार्ड वाचतं, आणि ते कार्ड या जुन्या डब्यातच बसतं. नव्या कॉम्प्युटरमध्ये त्याला खाचच नाही. आता हे किती जणांना समजावून सांगायचं?

मालक किसनराव कधी ओरडत नाहीत, हळू बोलतात. ते जास्त वाईट.

"शामराव, संध्याकाळपर्यंत काटा सुरू नाही झाला, तर या सगळ्या गाड्या नेरच्या जिनिंगले जातीन. मंग मले काटेवाला तरी कायले पाहिजे?"

काटेवाला म्हणजे मी. केस पांढरे झाल्यावर दुसऱ्या कुठल्या जिनिंगवाल्यानं मला उभं केलं असतं? मोटरसायकल काढली आणि यवतमाळ गाठलं.

तिथल्या दुकानदाराला मी अगदी बोट दाखवून सांगितलं होतं, की जुन्या सप्लायला ही पांढरी तार आहे, कार्डाला हिचाच करंट लागतो, हीच पाहिजे. "लागत नाही हो आजकाल. साडेचारशे वॉट आहे, डोळे मिटून लावा," असं म्हणून त्यानं नवा कोरा डबा माझ्या गळ्यात मारला. परत येऊन लावला. पंखा फिरला, पडदा उजळला, आणि कार्ड ढिम्म. त्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत मी स्क्रू पुन्हा उघडले. रांगेतले शेतकरी खिडकीत येऊन आत डोकावायचे, मान हलवून परत जायचे. त्यापेक्षा शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग दारव्ह्याच्या बाजारात मुख्तारभाईंकडे. त्यांच्या दुकानामागे मेलेल्या कॉम्प्युटरांचा ढीग आहे. त्यांनी दोन जुने सप्लाय काढले. एक चांगला दणकट होता, पण त्याची पांढरी तार कोणीतरी कापून टाकलेली. दुसऱ्याची शाबूत होती, पण पंखा खरखर करत होता.

"शामभाऊ, याच्यात वॉट कमी हाय. अन् गॅरंटी नोका मागू."

"वॉट घाला चुलीत. हाच द्या."

दुपार कलली तेव्हा तो बसवून झाला. बटण दाबलं. कार्डावरचा हिरवा दिवा लागला आणि मी खरंच हात जोडले. खिडकीतून पाहिलं, प्लॅटफॉर्म रिकामा होता. मग पडद्याकडे पाहिलं.

उणे पंचावन्न किलो.

रिकामा काटा शून्य दाखवतो. आमचा तर रोज सकाळी दाखवायचाच. कालही दाखवत होता. उणे दाखवायचं एकच कारण असतं. ज्या दिवशी काट्याला शून्य शिकवलं, त्या दिवशी वर काहीतरी होतं आणि आता ते उतरलं.

मी काट्याच्या खोलीतून खाली उतरलो. काट्याखालचा खड्डा टॉर्च मारून पाहिला. प्लॅटफॉर्मच्या फटी सळईनं साफ केल्या. मग स्वतः वर जाऊन उभा राहिलो आणि आमचा जमादार धावजी याला आत पडदा बघायला लावलं.

"वीस!" तो ओरडला.

माझं वजन पंचाहत्तर आहे. म्हणजे काट्यात काही खोट नव्हती.

धावजी बाहेर आला. तो माझ्याकडे पाहत नव्हता, प्लॅटफॉर्मच्या कोपऱ्याकडे पाहत होता. हंगामात आमच्याकडे हवेतच कापसाची रुई असते. भुवयांवर, चहाच्या गिलासावर, सगळीकडे पांढरा थर. फक्त काट्याच्या त्या कोपऱ्यात दोन ठिकाणी ती कधी बसत नसे. पावलांएवढ्या दोन काळ्या जागा, जवळजवळ, माझ्या खिडकीकडे तोंड करून. वाऱ्याचा झोत लागत असेल, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. धावजी झाडतानाही त्या जागांना वळसा घालायचा. मी त्याला आळशी म्हणायचो.

आता त्या कोपऱ्यात सगळीकडे सारखी रुई बसली होती.

"काटा फोडला तं नाही ना यानं?" रांगेतलं कोणीतरी म्हणालं. दोघंतिघं खिडकीशी आले. पडद्यावरचं उणे त्यांनी पाहिलं असतं, तर संपलंच. काट्यात पाप आहे ही बातमी चहा उकळायच्या आत दारव्हाभर होते. मागून किसनरावही येताना दिसले.

मी आत धावलो, मागोमाग धावजी. कॉम्प्युटरवर शून्याचं एक बटण असतं. ते दाबलं, की जे असेल तेच शून्य धरलं जातं.

"नोका दाबू, साहेब," धावजी हळूच म्हणाला.

"काहून?"

"त्याची जागा हाय ते. तुमी भरून टाकसान, तं तो कुठी उभा राहीन?"

मी दिवसभर उपाशी होतो. हाताला स्क्रू ड्रायव्हरचे फोड आले होते. वर आता हे.

"धावजी, गाडी घे," म्हणालो आणि बटण दाबलं.

शून्य.

पहिली गाडी चढली. वजन आलं. उतरली, शून्य. दुसरी चढली. किसनराव खिडकीतून पडदा पाहून आपल्या गादीवर जाऊन बसले. म्हणजे खूश होते. माझी नोकरी वाचली होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला गाड्यांच्या धुरळ्याचा राग आला नाही.

दिवे लागायच्या सुमारास धावजी चहा घेऊन आला. रोज तो आत येऊन गिलास टेबलावर ठेवतो. आज दारातूनच हात लांब केला.

"आत ये की."

तो आला नाही. माझ्या खांद्यावरून मागे पाहत राहिला. मी गिलास घेतला आणि वळलो.

खोलीची खिडकी दिवसभर उघडी होती. फरशीवर रुईचा पातळ, सारखा थर बसला होता.

माझ्या खुर्चीच्या मागे, अगदी जवळ, दोन काळ्या जागा होत्या.

बाहेर पुढच्या गाडीनं हॉर्न दिला. पुन्हा दिला.

मी खुर्चीत बसलो.